छोट्या मोटारींचा कुलवृत्तांत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशी येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थी-साहाय्य निधी अथवा वधूवरसूचक कार्य यांविषयी बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा चिटणिसांनी आम्हांस आमच्या छंदाविषयी बोलण्याची आज्ञा केली. आमचा छंद म्हणजे धातूच्या ओतीव छोट्या मोटारी जमविणे आणि त्या ज्या खऱ्या मोटारींच्या प्रतिकृती असतात त्यांचा इतिहास धुंडाळणे. साठी उलटलेल्या माणसाने भरसभेत खेळण्यातील मोटारींविषयी बोलावे, हे ऐकून काहींच्या मुद्रेवर स्मित उमटले असेल. ते आम्हांस मान्य आहे. तथापि या छंदाच्या पोटी एक कर्तव्य दडलेले आहे, आणि ते पार पाडण्यास आपल्याइतका योग्य समाज दुसरा नाही, असे आमचे मत आहे. ते कर्तव्य कोणते, हे भाषणाच्या ओघात निवेदन करू.

लहान आकाराच्या प्रतिकृतींविषयी आपल्या लोकांस कधीच तुच्छता वाटलेली नाही. आपल्या आज्यांनी पितळेच्या भातुकलीत संसार शिकविला. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून, त्यावर अळीव पेरून आणि मावळे मांडून आपल्या मुलांनी गडांचा भूगोल आत्मसात केला. संग्रहाचे म्हणाल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण सर्वांपुढे आहे. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या अशा नित्याच्या वस्तू खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. ज्या वस्तू लोक मोडीत घालीत होते, त्यांतच आपल्या संस्कृतीचा दप्तरखाना आहे हे त्यांनी ओळखले. तो संग्रह १९७५ साली त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. मोटार ही विसाव्या शतकातील तशीच नित्याची वस्तू होय. आणि तीही आज मोडीतच जात आहे.

आता ही छोटी मोटार तयार कशी होते ते थोडक्यात सांगतो. पोलादाचा दुभागी साचा असतो. त्यास इंग्रजीत ‘डाय’ म्हणतात, म्हणून या वस्तूस ‘डायकास्ट’ हे नाव पडले. जस्तात थोडे अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम व तांबे मिसळून केलेला मिश्रधातू सुमारे चारशे अंश उष्णतेस वितळतो. तो दाबाने साच्यात भरला की क्षणार्धात मोटारीचे कवच तयार होते. कडेचा जादा धातू काढून टाकतात, रंग देतात, काचा व आसने बसवितात, आणि शेवटी तळाचा पत्रा रिव्हेटने जोडतात. पूर्वीच्या काळी साचा खोदण्यापूर्वी कुशल कारागीर मोटारीची मोठी प्रतिकृती घडवीत, आणि पँटोग्राफ नावाच्या यंत्राने तिची लहान नक्कल पोलादात उतरवीत. खेळणे स्वस्त असे, परंतु साचा अत्यंत मोलाचा असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी कथा साच्यांचीच आहे.

प्रमाणाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संग्राहकांत १:४३ हे प्रमाण विशेष मान्यता पावलेले आहे. ते आले खेळण्यातील आगगाडीवरून. इंग्लंडमधील एका प्रचलित मापात एका फुटास सात मिलिमीटर धरीत. त्याचे गणित साडेत्रेचाळिसास एक असे पडते. स्थानकाबाहेर उभ्या करण्यास त्याच मापाच्या मोटारी हव्या होत्या, म्हणून त्या निघाल्या. मुंबईच्या टॅक्सीची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची, लांबी सुमारे ३.९ मीटर. ती १:४३ प्रमाणात सुमारे ९ सेंटिमीटर भरेल, आणि १:६४ या लहान प्रमाणात सुमारे ६ सेंटिमीटर. लांबी त्रेचाळीसपट घटली तर घनफळ सुमारे ७९,५०० पटींनी घटते. अर्थात खऱ्या मोटारीचा पत्रा त्याच हिशोबाने पातळ केला तर तो कागदाहूनही बारीक होईल आणि हातात टिकणार नाही. म्हणून उत्तम प्रतिकृती ही केवळ मापाची नक्कल नसते. काय राखावे आणि काय सोडावे, याचा कारागिराने केलेला तो विचार असतो.

या धंद्याचा इतिहास सांगताना इंग्लंडापासून आरंभ करण्यास हरकत नाही. लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांनी १९३४ साली ‘डिंकी टॉइज’ हे नाव प्रचारात आणले. महायुद्धानंतर लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मालिका काढली. तिची जन्मकथा गोड आहे. जॅक ओडेल यांच्या कन्येच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. म्हणून पित्याने तिला तेवढे यंत्र घडवून दिले आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. १९५६ मध्ये ‘कॉर्गी’ आली, आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ आणली. त्या गाड्यांच्या वेगाने जुन्या घराण्यांची घडी विस्कटली. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला. लेस्नीचे १९८२ साली दिवाळे निघाले. लहान मोटारींच्या जगातही घराणी उदयास येतात आणि लयास जातात.

घराणे हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. आपल्या मंडळाने आणि अनेक कुलांनी कुलवृत्तांत सिद्ध केले आहेत. कुलवृत्तांतात काय असते? मूळ गाव कोणते, मूळ पुरुष कोण, शाखा कोठे कोठे पसरल्या, कोणत्या शाखेने कोणत्या कारणाने स्थलांतर केले आणि तेथे काय नाव काढले. आमच्या संग्रहातील प्रत्येक छोट्या मोटारीस आम्ही हेच प्रश्न विचारतो. ती उलटी करावी. तळावर निर्मात्याचे नाव, मोटारीचे नाव आणि बहुधा देशाचे नाव कोरलेले असते. त्या तीन शब्दांवरून संशोधनास आरंभ होतो.

उदाहरणार्थ, डिंकीने १९५० साली मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीची प्रतिकृती काढली. परदेशी संग्राहकास ती एक साधी इंग्रजी मोटार. आपल्याकडे मात्र तीच मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथे ‘हिंदुस्थान फोर्टीन’ या नावाने जन्मास आली. पुढे ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचे साचे आपल्याकडे आले आणि तिची अँबॅसडर झाली. मूळ घराणे केव्हाच लोपले. ही शाखा २०१४ सालापर्यंत नांदली.

याहून विलक्षण कथा स्टँडर्ड अॅटलस या इंग्रजी व्हॅनची आहे. इंग्लंडात तिचे उत्पादन थांबल्यावर खऱ्या व्हॅनची साधनसामग्री मद्रासला आली आणि तेथे ती ‘स्टँडर्ड ट्वेंटी’ या नावाने तयार होऊ लागली. त्याच सुमारास, म्हणजे १९६०-७० या दशकाच्या अखेरीस, मेकॅनो कंपनीने आपले काही जुने साचे कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीस विकले. त्यांतून निघालेली खेळणी ‘निकी टॉइज’ या नावाने बाजारात आली, आणि त्यांत अॅटलसही होती. मोटारीचा साचा मद्रासला आणि खेळण्याचा साचा कलकत्त्याला! मोठी आणि धाकटी, दोघींनीही हिंदुस्थानात पुनर्जन्म घेतला. त्या काळी परदेशी चलनाची चणचण होती, आयातीवर कडक निर्बंध होते. तेव्हा तयार वस्तूपेक्षा साचा आणणे राष्ट्रास परवडत होते. एवढा अर्थशास्त्राचा धडा हातभर लांबीच्या फळीवर ठेवलेल्या दोन खेळण्यांतून मिळतो.

आता खाडीपलीकडे, आपल्या जुन्या मुंबईकडे वळू. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. पुढे, केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांपेक्षा येथेच भाग घडविणाऱ्यांस उत्तेजन द्यावे असे सरकारी धोरण ठरले, आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. महिंद्रांनी १९४७ साली माझगाव येथे विलिस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. डिंकीची छोटी जीप त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती. आणि कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी होती. तिचे संस्थापक सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद. त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया या देशात घातला. १९४४ साली स्थापन झालेल्या या कंपनीची पहिली मोटार १९४७ साली बाहेर पडली. प्रथम क्रायस्लर घराण्याच्या डॉज व प्लिमथ, मग १९५१ पासून इटलीची लहानगी फियाट ५००, आणि १९५४ पासून फियाट ११००.

या फियाट ११०० चा वंशविस्तार आपणांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पहिल्या गोलमटोल गाडीस मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात उपहासापेक्षा लोभच अधिक होता. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली, आणि १९७४ पासून तीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअरचा दांडा, काळा-पिवळा रंग आणि छपरावर सामानाचा कठडा, हे रूप जगात मुंबईची खूण ठरले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, १९३७ पासून मुंबईत धावत आलेल्या दुमजली बसपैकी शेवटच्या डिझेल बसनेही निरोप घेतला.

बंधुभगिनींनो, येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. फियाट ११०० च्या प्रतिकृती बाजारात मिळतात. तिच्याविषयी परदेशी भाषांत ग्रंथही आहेत. परंतु त्यांत तूरिनचा अध्याय सविस्तर असतो आणि कुर्ल्याच्या वाट्यास बहुधा एखादी ओळ येते. इटलीत तिचे उत्पादन १९७० च्या आत आटोपले. येथे ती त्यानंतर सुमारे तीस वर्षे होत राहिली. या तीस वर्षांत येथल्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी कोणते भाग बदलले, कोणता भाग प्रथम देशात ओतला, मोटारीसाठी लोकांनी किती वर्षे नोंदणी करून वाट पाहिली, ती आल्यावर हार घालून तिची पूजा कशी केली, पहिला प्रवास जेजुरीचा झाला की नाशिकचा, हा वृत्तांत कोणी लिहावयाचा? परदेशी मनुष्य तो लिहू शकत नाही. ज्यांनी ती बनविली, चालविली, दुरुस्त केली, त्यांनीच तो लिहिला पाहिजे. अशी माणसे आपल्या ज्ञातीत, आपल्या शेजारात, कदाचित या सभागृहातही बसलेली आहेत.

या कामास नवी मुंबई हेच क्षेत्र का, असे कोणी विचारील. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये खाडीवर वाशीचा पूल झाला. रेल्वे वाशीस आली ती १९९२ साली. मधली सुमारे वीस वर्षे ज्यांनी गिरगाव, दादर, परळ, कुर्ला येथून येऊन येथे बिऱ्हाडे थाटली, त्यांचा मुंबईशी असलेला संबंध मुख्यत्वे रस्त्याचा, म्हणजे मोटारीचा व बसचा होता. त्यांच्या माळ्यांवर आणि लोखंडी कपाटांत जुनी नोंदणीपुस्तके, विम्याचे कागद, गॅरेजची बिले, मोटारीसमोर उभे राहून काढलेली छायाचित्रे, आणि मुलांच्या तुटक्याफुटक्या छोट्या मोटारी पडून आहेत. आज त्या जुन्या इमारतींचे पुनर्बांधकाम चालू आहे. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत जाताना प्रथम माळा रिकामा होतो. भांडी व दागिने कोणी टाकीत नाही. कागद आणि खेळणी मात्र रद्दीवाल्याच्या हवाली होतात. खरी मोटार मोडीत गेली, कागद रद्दीत गेले आणि जाणती माणसे काळाच्या पडद्याआड गेली, म्हणजे फळीवरची छोटी मोटार मुकी होते. मग ती केवळ जस्ताचा तुकडा उरते. संग्रह म्हणजे वस्तूंची संख्या नव्हे. वस्तूमागची हकीकत जिवंत ठेवणे होय, असे आम्ही मानतो ते याच कारणास्तव.

म्हणून ज्यांना हा छंद आहे त्यांनी, आणि ज्यांना नाही त्यांनीही, एक साधी वही घालावी. प्रत्येक छोट्या मोटारीस एक पान द्यावे. पानाच्या डाव्या अंगास प्रतिकृतीची माहिती: निर्माता, प्रमाण, तळावरील अक्षरे, कोठून व केव्हा मिळाली. उजव्या अंगास खऱ्या मोटारीचा वृत्तांत: मूळ देश, उत्पादनाची वर्षे, हिंदुस्थानात आली असल्यास कोणत्या नावाने, कोठे घडली, केव्हा थांबली. आणि खाली मोकळी जागा सोडावी ती माणसांसाठी. आपल्या काकांनी ती चालविली असेल, शेजाऱ्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे दरवाजे बसविले असतील, कोणी तिची टॅक्सी चालवून मुलांची शिक्षणे केली असतील. त्यांच्याकडे जावे, चहा घ्यावा, विचारावे आणि लिहून घ्यावे. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणून लिहावी. कागद पाहिला असेल तर तसे नमूद करावे. मोटार नसली तरी वही चालेल. मात्र वहीवाचून मोटारींची रास निरुपयोगी होय.

प्रतिकृतींची निगा कशी राखावी, हेही सांगणे अवश्य आहे, कारण आपले गाव खाडीकाठचे. जस्तात शिशासारख्या धातूची भेसळ राहिली तर काही वर्षांनी वस्तूस आतून भेगा पडतात, ती फुगते आणि अखेर भुगा होते. महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ प्रतिकृती याच रोगाने गेल्या. दमट हवेत तो रोग बळावतो, आणि एकदा जडला की त्यावर उपाय नाही. म्हणून पावसाळ्यात काचेच्या कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वरचेवर बदलाव्यात. कपाट बाहेरच्या भिंतीस टेकवू नये. ऊन थेट पडू देऊ नये. मऊ चाके प्लॅस्टिकच्या पृष्ठावर वर्षानुवर्षे टेकून राहिली तर ती त्यास चिकटतात, म्हणून खाली पातळ जाड कागदाची पट्टी घालावी. मूळ खोके कधी टाकू नये. परंतु त्यास कसर लागते, हेही विसरू नये. मुलाने खेळून रंग उडालेल्या मोटारीस नवा रंग देऊ नये. तो उडालेला रंग हाही वृत्तांतच आहे.

शेवटी एक इशारा देणे प्राप्त आहे. या छंदात अलीकडे सट्ट्याची वृत्ती शिरली आहे. हॉट व्हील्सने १९९५ पासून काही मोटारी मुद्दाम मोजक्या संख्येने काढण्यास आरंभ केला. दुकान उघडताच सारा माल उचलावा आणि दुसऱ्या दिवशी अनेक पटींनी विकावा, असा व्यवहार तेव्हापासून फोफावला. त्यातच आपल्याकडे खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली वीसावरून साठ टक्के आणि २०२३ साली सत्तर टक्के झाले. येथून जवळच, न्हावा-शेवा बंदरात उतरणारा माल त्यामुळे बराच महागला. देशी खेळण्यांस संरक्षण मिळावे हा हेतू योग्यच आहे. परंतु मध्यमवर्गीय गृहस्थाने घरखर्चास कात्री लावून कपाट भरू नये. दहा मोटारी आणि दहा भरलेली पाने हा संग्रह, पाचशे बंद खोक्यांपेक्षा श्रेष्ठ होय. आमच्या माहितीतील एका शाळकरी मुलाकडे अवघ्या चार मोटारी आहेत. परंतु त्यांपैकी जीपवर त्याने लिहिलेली सात पाने, निवृत्त लष्करी वाहनचालक असलेल्या आजोबांच्या तोंडून उतरविलेली, आम्ही आदराने वाचली.

ज्यांच्या घरी खरी जुनी मोटार अद्याप आहे त्यांच्याही कानावर एक गोष्ट घालतो. केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारीस ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. अशी मोटार रोजच्या वापरास नेता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणून भंगारवाल्यास होकार देण्यापूर्वी मोटारीची कागदपत्रे एकवार नीट पाहावीत, एवढीच विनंती.

कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना अशी की, पुढील वर्षापासून या स्मरणिकेत चार पाने ‘आमची मोटार’ या मथळ्याखाली राखून ठेवावीत. त्यात ज्ञातिबांधवांनी मालक म्हणून, चालक म्हणून, कारागीर म्हणून वा केवळ प्रवासी म्हणून आपला वृत्तांत छायाचित्रासह द्यावा. मालकाचे पान मोठे आणि चालकाचे लहान असा भेद त्यात नसावा. चार पानांचा खर्च फार नाही, आणि तो पहिल्या वर्षी आम्ही सोसू. दहा वर्षांत चाळीस पाने होतील. आणि जो अध्याय कोणत्याही देशीच्या ग्रंथात नाही, तो आपल्या मराठीत सिद्ध होईल.

माळे रिकामे होण्याचा हंगाम चालू आहे. घरी गेल्यावर आजच एक पेटी उघडून पाहावी.